ॲसिट्रोम किंवा वॉरफेरिन नव्यानं सुरू झालंय? पहिल्या काही महिन्यांसाठी मार्गदर्शक

हृदयात मेटलचा व्हॉल्व्ह बसवला, पायाच्या खोल शिरेत गुठळी झाली, फुप्फुसात गुठळी गेली, किंवा संधिवाताच्या तापानं झडप अरुंद होऊन हृदयाचे ठोके अनियमित झाले, की डिस्चार्ज कार्डावर एक छोटी गोळी लिहिली जाते. सोबत तीन वाक्यं सांगितली जातात: गोळी रोज संध्याकाळी घ्या, आठवड्यानं आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणारा आकडा; जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) करा, पालेभाज्या जपून खा. डिस्चार्जच्या गडबडीत ही वाक्यं कानावरून जातात आणि घरी आल्यावर प्रश्न सुरू होतात.

ही गोळी नीट घेतली तर माणसं तीस-तीस वर्षं तिच्यावर व्यवस्थित जगतात. गडबड होते ती दुसरीकडे कुठेतरी काही बदललं आणि ते कुणी गोळीशी जोडलंच नाही, म्हणून. जेवण, दुसरं औषध, जुलाब, उपवास, मेडिकलवाल्यानं बदललेलं पाकीट, असे बदल ओळखायला शिकणं हेच पहिल्या काही महिन्यांचं मुख्य काम. डोस मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील. हा लेख वाचून तो बदलू नका.

1. आधी हे पाहा: तुमची गोळी नेमकी कोणती?

'रक्त पातळ करायची गोळी' या एका नावाखाली तीन वेगळ्या जातींची औषधं येतात. त्यांचे नियम एकमेकांना लागू पडत नाहीत.

पहिली जात म्हणजे ॲसिनोकुमरॉल आणि वॉरफेरिन. ॲसिनोकुमरॉल आपल्याकडे बहुतेकांना ॲसिट्रोम या नावानं माहीत असतं. ही दोन्ही औषधं व्हिटॅमिन के च्या विरोधात काम करतात, म्हणून त्यांना आयएनआर तपासणी लागते. हा लेख मुख्यतः यांच्याबद्दल आहे.

दुसरी जात म्हणजे डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबान, एपिक्साबान ही नवी औषधं. यांना आयएनआर लागत नाही, पण किडनीची तपासणी वर्षातून निदान एकदा लागते. रिव्हारोक्साबानची 15 किंवा 20 मिलीग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यायची. रिकाम्या पोटी ती पुरती शोषली जात नाही. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडायची नाही आणि मूळ वेष्टनातून काढून डबीतही भरून ठेवायची नाही, ती ओलाव्यानं खराब होते.

तिसरी जात ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलची. इकोस्प्रिन यातलीच. ही औषधं प्लेटलेट्सवर, म्हणजे रक्तातल्या एकमेकांना चिकटून गुठळी करणाऱ्या पेशींवर, काम करतात. 'इकोस्प्रिन चालू आहे, म्हणजे रक्त पातळ आहेच' असं म्हणून ॲसिट्रोम बंद करणारे रुग्ण आहेत. मेटलच्या व्हॉल्व्हला एकट्या ॲस्पिरिनचं संरक्षण पुरत नाही.

'नव्या गोळ्यांना तपासणी लागत नाही, मग आम्हाला त्या का देत नाहीत?' हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. मेटलच्या व्हॉल्व्हवर डॅबिगॅट्रान देऊन पाहिलं होतं. गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही जास्त झाला, म्हणून तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. त्याचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. संधिवाताच्या तापानं खराब झालेली झडप आणि अनियमित ठोके असलेल्या रुग्णांत रिव्हारोक्साबानची तुलना जुन्या, म्हणजे पहिल्या जातीच्या, गोळीशी केली, तेव्हा 2022 मध्ये जुनी गोळीच सरस ठरली, मृत्यूही तिच्यावर कमी झाले. म्हणून या दोन गटांना जुनी गोळी दिली जाते, ती स्वस्त आहे म्हणून नव्हे. पायातली गुठळी किंवा झडप चांगली असताना झालेले अनियमित ठोके असतील, तर नव्या गोळीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

आणखी एक गोष्ट घरच्यांसाठी. मोबाइलवर शोधलं की 'वॉरफेरिन हे उंदीर मारायचं औषध' असं दिसतं आणि कुणीतरी घाबरून गोळी बंद करायला सांगतं. उंदरांची गोष्ट खरी आहे. 1948 मध्ये ते उंदरांसाठी बाजारात आलं आणि 1954 पासून माणसांसाठी वापरात आहे. माणसाला ते मोजून, तपासून दिलं जातं, आणि आयएनआरची सगळी यातायात त्यासाठीच आहे.

2. पहिला आठवडा: गोळी सुरू झाली म्हणजे काम सुरू झालं असं नाही

यकृत व्हिटॅमिन के वापरून रक्त गोठवणारे चार घटक तयार करतं: क्रमांक 2, 7, 9 आणि 10. गोळी हे नवं उत्पादन कमी करते. रक्तात आधीच असलेले घटक आपापल्या गतीनं संपतात. सातवा घटक काही तासांतच निम्मा होतो, दुसऱ्याला मात्र अडीच ते तीन दिवस लागतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आयएनआर वाढलेला दिसला, तरी गुठळीपासूनचं खरं संरक्षण पाच-सहा दिवसांनीच येतं.

म्हणूनच ताजी गुठळी असलेल्यांना गोळीसोबत पोटावर हेपॅरिनचं इंजेक्शन किमान पाच दिवस देतात, आणि आयएनआर 2 च्या वर जाऊन एक दिवस टिकेपर्यंत ते बंद करत नाहीत. 'आता गोळी चालू झाली' म्हणून ते महागडं इंजेक्शन मध्येच सोडू नका. हेच काही दिवस सगळ्यात धोक्याचे असतात.

घरी एनॉक्सापॅरिनची (हा हेपॅरिनचाच एक प्रकार) भरलेली सिरिंज द्यायची असेल तर:

- रुग्णाला टेकून बसवा. बेंबीपासून दोन इंच लांब, पोटाच्या बाजूची जागा निवडा. आज डावी, उद्या उजवी.
- पूर्ण सिरिंज द्यायची असेल तर आतला हवेचा बुडबुडा काढू नका. तो काढायला गेलं की औषधाचे थेंब वाया जातात.
- चिमटीत कातडीची घडी धरा, सुई सरळ उभी पूर्ण आत घाला, औषध सावकाश सोडा, सुई बाहेर येईपर्यंत घडी सोडू नका.
- नंतर जागा चोळू नका. चोळल्यानंच मोठे काळेनिळे डाग पडतात. कापसानं नुसतं दाबून धरा.

पायात ताजी गुठळी असेल तर त्या पायाला तेल लावून चोळणं, मालीशवाल्याकडे नेणं पूर्ण बंद.

3. ही कागदं आणि वस्तू एका पिशवीत ठेवा

- डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोंद.
- व्हॉल्व्हचं कार्ड: कंपनी, मॉडेल, साइज, सीरियल नंबर आणि व्हॉल्व्ह मायट्रल जागी (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये) आहे की एओर्टिक (हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या तोंडाशी). आयएनआर किती ठेवायचा हे जागेवर आणि प्रकारावर ठरतं. दोन पाकळ्यांचे व्हॉल्व्ह आणि एका हलत्या चकतीचे व्हॉल्व्ह यांचे हिशेब वेगळे असू शकतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत विकसित झालेला भारतीय चित्रा व्हॉल्व्ह एका चकतीचा आहे. कार्ड हरवलं असेल तर ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करून नक्कल घ्या.
- शेवटचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) रिपोर्ट.
- आयएनआरची वही, साधी दोनशे पानी. रकाने पाच: तारीख, आयएनआर, आठवड्याचा एकूण डोस, बदल काय केला, शेरा. शेऱ्यात ताप, जुलाब, नवं औषध, उपवास, चुकलेली गोळी, सगळं लिहा.
- पाकिटात एक चिठ्ठी, मराठी आणि इंग्रजीत: औषधाचं नाव, कशासाठी घेतो, आयएनआरचं लक्ष्य, रक्तगट, घरचा फोन नंबर.
- सात खणांची गोळ्यांची डबी.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर त्याची कागदपत्रं, रेशनकार्ड आणि आधारची प्रत याच पिशवीत. पुढच्या तपासण्यांपैकी काही योजनेत बसतात का, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला डिस्चार्जच्या वेळीच विचारून घ्या.

4. गोळी कशी घ्यायची

रोज एकाच वेळी, शक्यतो संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान. संध्याकाळच का? सकाळी रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट आला, डॉक्टरांनी डोस बदलला, तर तो बदल त्याच दिवशी लागू करता येतो. सकाळी गोळी घेऊन मोकळं झालं की एक दिवस हातचा जातो.

डोसचा विचार दिवसाचा नको, आठवड्याचा करा. समजा रोज 2 मिलीग्रॅम, म्हणजे आठवड्याला 14. आयएनआर कमी आला आणि डॉक्टरांनी थोडं वाढवायचं ठरवलं, तर ते रोज 3 करत नाहीत. ती एकदम पन्नास टक्के वाढ होईल. ते सांगतील: सोमवार आणि गुरुवार 3, बाकी पाच दिवस 2. आठवड्याचे झाले 16. हे 'वार लावून' दिलेले डोस गोंधळात टाकतात, म्हणून रविवारी रात्री आठवडाभराची डबी भरा आणि दारामागच्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेखाली आकडा लिहा. गोळी घेतली की आकड्यावर काट.

इथे हमखास होणाऱ्या चुका:

*पाकीट बदलणं.* ॲसिट्रोम 1, 2, 3 आणि 4 मिलीग्रॅममध्ये मिळते. नाव तेच, आकडा वेगळा. दुकानात उभं असतानाच पाकिटावरचा आकडा मोठ्यानं वाचा. घरात शक्यतो एकाच ताकदीच्या गोळ्या ठेवा. दोन ठेवाव्याच लागल्या तर पाकिटांवर मार्करनं मोठे आकडे टाका.

*'हीच आहे, कंपनी वेगळी' म्हणून दिलेली गोळी.* ॲसिनोकुमरॉलच्या जागी वॉरफेरिन दिलं तर ती दुसरी कंपनी नाही, दुसरं औषध आहे. वॉरफेरिन साधारण दुप्पट मिलीग्रॅम लागतं आणि शरीरात कितीतरी जास्त वेळ टिकतं. पाकिटावरचं बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव जुळलंच पाहिजे. कंपनी बदलली तरी एकदा आठवड्याभरात आयएनआर करून घ्या.

*चुकलेली गोळी.* त्याच रात्री झोपायच्या आत आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर ती सोडून द्या, नेहमीच्या वेळी नेहमीचाच डोस घ्या आणि वहीत लिहा. दोन एकदम कधीच नाही. लागोपाठ दोन दिवस चुकले आणि व्हॉल्व्ह मेटलचा असेल तर डॉक्टरांना फोन करा.

*साठा संपणं.* गावाकडे प्रत्येक मेडिकलमध्ये ही गोळी असेलच असं नाही. दिवाळीच्या सुट्टीत किंवा लग्नाला जाताना पंधरा दिवसांचा जादा साठा हातात हवा.

5. आयएनआर: तपासणी कशी करायची आणि रिपोर्ट कसा वाचायचा

वेळापत्रक साधारण असं असतं: सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्यातून एकदा, दोन-तीन वेळा आकडा जागेवर आला की पंधरा दिवसांनी, पुढे महिन्यानं. डोस बदलला की पुन्हा पाच ते सात दिवसांनी. दुसऱ्याच दिवशी तपासून काही कळत नाही, कारण बदल अजून रक्तात उतरलेलाच नसतो.

लक्ष्य बहुतेकांचं 2 ते 3. मायट्रल जागी मेटलचा व्हॉल्व्ह असेल तर सहसा 2.5 ते 3.5. तुमचं लक्ष्य डॉक्टरांकडून विचारून वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहा.

आता रिपोर्ट. लॅब 'नॉर्मल' म्हणून सुमारे 0.8 ते 1.2 छापते, त्यामुळे तुमचा उत्तम 2.8 आकडाही ठळक अक्षरात, 'हाय' म्हणून छापला जातो. हे पाहून घाबरून गोळी बंद केली जाते. कधी कधी गावातले दुसरे डॉक्टरही वही न पाहता तसं सांगतात. तुमच्यासाठी नॉर्मल म्हणजे तुमचं लक्ष्य, लॅबनं छापलेली मर्यादा नव्हे.

काही ठिकाणी रिपोर्टवर नुसता पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागलेला वेळ, सेकंदांत देतात. तो पुरत नाही. समजा तुमचं रक्त 26 सेकंदांत गोठलं आणि लॅबचा कंट्रोल, म्हणजे गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाच्या रक्ताचा वेळ, 13 सेकंद आहे. गुणोत्तर झालं 2. पण प्रत्येक रसायनाची संवेदनशीलता वेगळी असते, ती सांगणारा आकडा म्हणजे आयएसआय, आणि गुणोत्तराला त्याचा घात देऊन आयएनआर काढतात. लॅबनं वापरलेल्या रसायनाचा आयएसआय 1 असेल तर आयएनआर 2 येतो, आणि आयएसआय 1.3 असेल तर तोच जवळजवळ 2.5 येतो. सेकंद तेच, अर्थ वेगळा. हा फरक मिटवण्यासाठीच जागतिक आरोग्य संघटनेनं 1983 मध्ये आयएनआर आणला. म्हणून रिपोर्टवर आयएनआर हवाच, आणि शक्यतो दर वेळी एकच लॅब.

रक्त देताना स्वतः लक्ष ठेवा:

1. उपाशीपोटी जायची गरज नाही. तपासणीसाठी आदल्या दिवशीची गोळीही थांबवायची नाही.
2. नळी निळ्या टोपणाची हवी. तिच्यात रक्त गोठू न देणारं सायट्रेटचं द्रावण असतं आणि रक्त ते द्रावण नऊला एक या प्रमाणात लागतं. 2.7 मिलिलीटर रक्ताची नळी असेल तर खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. दोनच मिलिलीटर मिळालं आणि तसंच पाठवलं, तर सायट्रेट जास्त होऊन आयएनआर खोटाच जास्त दिसतो. नळी अर्धवट दिसली तर तिथेच दुसरी मागा.
3. शीर सापडेना, सुई तीन वेळा फिरवली, रक्त थेंब थेंब आलं, तर नमुना नळीतच अर्धवट गोठू शकतो. अशा वेळी आकडा विचित्र आला तर डोस बदलण्याआधी पुन्हा तपासा.
4. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवरून नमुना शहरात जात असेल तर तो त्याच दिवशी तपासला जातो ना, हे विचारा. शनिवारी संध्याकाळी रक्त देणं टाळा.
5. सुईच्या जागी पाच मिनिटं दाबून धरा. हात नुसता दुमडून निघून जाऊ नका.

आकडा लक्ष्याच्या किंचित बाहेर, म्हणजे लक्ष्य 2.5 ते 3.5 असताना 2.3 आला, तर डॉक्टर बहुतेक वेळा डोस तोच ठेवून पुन्हा तपासायला सांगतात. प्रत्येक छोट्या चढउताराला डोस हलवला की आयएनआर झोक्यासारखा वर-खाली होत राहतो. 4.5 च्या वर गेला तर रक्तस्राव नसला तरी त्याच दिवशी फोन करा. व्हिटॅमिन के चं इंजेक्शन परस्पर घेऊ नका. जास्त झालं तर पुढचे कित्येक दिवस गोळी लागू पडत नाही, आणि व्हॉल्व्हवाल्यासाठी ते जिवावरचं आहे.

बोटातून थेंब घेऊन घरी आयएनआर पाहायचं मशीनही मिळतं. लॅब लांब असलेल्यांना ते फार उपयोगी पडतं, पण पट्ट्यांचा खर्च महिन्याच्या हिशेबात धरा, आणि मशीननं 4.5 च्या वरचा आकडा दाखवला तर लॅबमध्ये खात्री करा.

6. पालेभाजी बंद करू नका, ठरवून खा

'पालेभाज्या जपून' याचा अर्थ लोक 'पालेभाज्या बंद' असा घेतात. ते चुकीचं आहे. पालेभाजी पूर्ण तोडली की शरीरातला व्हिटॅमिन के चा साठा इतका कमी होतो की एका दिवशीच्या मेथीनंही आयएनआर हलतो. दर आठवड्याला साधारण सारखं खा, आणि डोस त्या खाण्यावर बसवून घ्या.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून: मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 90 ते 120 मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के पुरतं. पालकाच्या 100 ग्रॅम कच्च्या पानांत सुमारे 480 मायक्रोग्रॅम असतं. शिजवल्यानं ते जात नाही. मेथी, शेपू, चाकवत, माठ, अळू, कोथिंबीर ही सगळी गडद हिरवी मंडळी याच गटातली. कोबी मधला. फ्लॉवर, दुधी, दोडका, वांगं, बटाटा, टोमॅटो, कांदा यांचा विचार करायची गरज नाही. भाजीवर भुरभुरलेली कोथिंबीर चालते. वाटीभर कोथिंबिरीच्या वड्या म्हणजे पालेभाजीच समजा. आठवड्यातून दोन दिवस, एकेक वाटी, असं ठरवलं की पुरे.

आयएनआर बिघडण्याचे आपल्याकडचे ठरलेले हंगाम आहेत. थंडीत मेथी-शेपूच्या जुड्या स्वस्त होतात, घरात रोज पालेभाजी होते, आकडा खाली येतो. नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा, वरई आणि बटाटा खाल्ला की पालेभाजी बंद, आहारही कमी, आकडा वर जातो. वारीत जेवण, झोप आणि पाणी सगळंच बदलतं, आणि वाटेत पाय दुखले की कुणीतरी पेनकिलर देतं. नवरात्र किंवा वारी करायची असेल तर आधी एक आयएनआर, आणि नवरात्रात मध्ये आणखी एक. वारीत गोळ्या प्लास्टिकच्या घट्ट डबीत, अंगावरच्या पिशवीत ठेवा. ट्रकमधल्या सामानात नको.

आणि हे कुणीच सांगत नाही: कॅल्शियमच्या अनेक गोळ्यांत हल्ली व्हिटॅमिन के2-7 घातलेलं असतं. मल्टिव्हिटॅमिन आणि प्रोटीन पावडरच्या डब्यांतही के असू शकतं. गुडघेदुखीसाठी कॅल्शियम सुरू झालं आणि आयएनआर उतरला, तर आधी पाकिटाची मागची बाजू वाचा.

दारू: एका बैठकीत भरपूर घेतली तर आकडा उसळतो आणि पडून डोक्याला मार लागायचीही भीती. न घेणं उत्तम.

7. दुसरी औषधं: सगळ्यात मोठा धोका इथे आहे

या गोळीवर असलेल्यांना आणीबाणीत दाखल करावं लागतं, त्यामागे बरेचदा दुसऱ्या आजारासाठी घेतलेलं साधं औषध असतं.

आयएनआर वाढवणारी: मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमॉक्साझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, क्लॅरिथ्रोमायसिन, बुरशीवरचं फ्लुकोनाझोल, ठोक्यांसाठीचं ॲमिओडॅरोन. तोंडात लावायच्या मायकोनाझोल जेलनंही आकडा भयंकर चढतो, 'वरून लावायचं तर आहे' म्हणून ते कुणाच्या ध्यानात येत नाही. जुलाबावर मेडिकलमधून सरसकट मिळणारी ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी विशेष लक्षात ठेवा: जुलाबानं जेवण कमी झालेलं, आतड्यातून व्हिटॅमिन के चं शोषण कमी, आणि वर ही गोळी. तिन्ही एकाच दिशेनं ओढतात. अँटिबायोटिक लागणारच असेल तर सुरू केल्यापासून तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आयएनआर करा, आणि संपल्यावर आठवड्यानं पुन्हा.

आयएनआर उतरवणारी: टीबीवरचं रिफाम्पिसिन, फिटवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फिनोबार्बिटोन. रिफाम्पिसिनचं सविस्तर सांगायला हवं. ते यकृताला गोळी झपाट्यानं संपवायला लावतं. एक-दोन आठवड्यांत डोस दुप्पट-तिप्पट करावा लागू शकतो, आणि तरीही आकडा लवकर येत नाही. खरा सापळा टीबीचा कोर्स संपल्यावर आहे. रिफाम्पिसिनचा परिणाम दोन ते चार आठवड्यांत ओसरतो आणि वाढवलेला डोस तसाच राहिला तर आयएनआर धोकादायक उंचीवर जातो. टीबीचं औषध सुरू होताना आणि बंद होताना, दोन्ही वेळी दर आठवड्याला तपासणी.

पेनकिलर: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक बंद. यांनी आयएनआर फारसा न हलताही पोटात रक्तस्राव होतो. 'दुखण्याची गोळी द्या' म्हटलं की काउंटरवर हीच मिळतात, कॉम्बिफ्लॅमसारख्या जोडगोळ्यांतही आयब्युप्रोफेन असतं आणि डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. साधं पॅरासिटामॉल चालतं, तेही दिवसाला 2 ग्रॅमच्या आत आणि मोजके दिवस. जास्त दिवस घेतलं तर तेही आकडा वाढवतं.

काढे, हळदीच्या म्हणजे करक्युमिनच्या कॅप्सूल, गुग्गुळ, जिंको, लसणाच्या कॅप्सूल, 'ब्लॉकेज उघडणारं' घरगुती मिश्रण: यातलं काहीही परस्पर नको. रोजच्या फोडणीतली हळद आणि लसूण यांची काळजी नको.

8. इंजेक्शन, दात आणि ऑपरेशन

कमरेत घ्यायचं दुखण्याचं किंवा तापाचं इंजेक्शन नाकारा. स्नायूत खोल रक्त साचून मांडी-कुल्ला टणक फुगतो आणि आठवडे जातात. लसीची गोष्ट वेगळी: आयएनआर लक्ष्यात असेल तर ती बारीक सुईनं दंडावर घेता येते, नंतर काही मिनिटं दाबून धरायचं.

दात काढायचा म्हणून गोळी तीन-चार दिवस बंद करणं ही जुनी सवय आजही जात नाही. एक-दोन साधे दात काढायला बहुधा गोळी थांबवावी लागत नाही. दोन-तीन दिवसांच्या आतला आयएनआर घेऊन जा, तो लक्ष्यात असला की डेंटिस्ट टाका घालून, ट्रॅनेक्झामिक ॲसिडचा बोळा किंवा चूळ देऊन रक्त थांबवू शकतात. सकाळची वेळ घ्या, म्हणजे रक्त आलंच तर दिवसा दवाखाना उघडा असतो. मेटलचा व्हॉल्व्ह असेल तर दात काढण्याआधी अँटिबायोटिकचा एक डोस लागतो, तो विचारून घ्या.

मोठ्या ऑपरेशनसाठी वॉरफेरिन साधारण पाच दिवस आणि ॲसिनोकुमरॉल दोन-तीन दिवस आधी थांबवतात आणि काहींना मधल्या काळात हेपॅरिन देतात. हे सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर यांनी आपसांत ठरवायचं असतं. तुमचं काम एवढंच: दोघांकडून तारखा लेखी घ्या, आणि गोळी पुन्हा कोणत्या संध्याकाळी सुरू करायची हे विचारल्याशिवाय घरी येऊ नका. थांबवायची तारीख सगळे सांगतात, सुरू करायची राहून जाते.

9. पाळी, गर्भधारणा, स्तनपान

पाळीत रक्तस्राव वाढू शकतो. पॅड तासाभरात भरत असेल किंवा गोळे पडत असतील तर सांगा, हिमोग्लोबिन तपासा. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या गुठळी वाढवतात, त्या परस्पर नकोत.

गर्भाला सहाव्या ते बाराव्या आठवड्यात या गोळीमुळे व्यंग येण्याचा धोका असतो. म्हणून मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलून आराखडा ठरवा. पाळी चुकली तर त्याच दिवशी लघवीची तपासणी करा आणि फोन करा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका: मेटलच्या व्हॉल्व्हवर गुठळी झाली तर आईच्याच जिवाला धोका. स्तनपानात वॉरफेरिन चालतं, दुधात ते नगण्य उतरतं.

10. काय झालं तर काय करायचं

घरी सांभाळता येण्यासारखं: दात घासताना थोडं रक्त, छोटे निळे डाग, बारीक काप. कापलेल्या जागी सलग दहा मिनिटं घट्ट दाबा, मध्येच उघडून पाहू नका. घोळणा फुटला तर पुढे वाकून बसा आणि नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं चिमटीत धरा. मान मागे टाकायची नाही. थांबलं नाही तर दवाखाना.

थेट हॉस्पिटल: डांबरासारखी काळी चिकट शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, लाल लघवी, अचानक तीव्र डोकेदुखी, पोट किंवा मांडी टणक फुगणं. लोहाच्या गोळीनं शौच काळी होते, बीटानं लघवी लाल आणि रिफाम्पिसिननं नारिंगी होते, हे लक्षात असू द्या. पण शंका असेल तर आयएनआर आणि हिमोग्लोबिन करूनच खात्री करा. डोक्याला मार लागला तर काही त्रास नसला तरी जा. गाडीवरून पडून 'काही झालं नाही' म्हणत झोपलेल्या माणसाच्या डोक्यात रात्रभर रक्त साचत राहू शकतं; सीटी स्कॅन लागतो.

उलट बाजूही तेवढीच गंभीर आहे. मेटलच्या व्हॉल्व्हचा शांत खोलीत टिकटिक आवाज येतो. तो मंद झाला किंवा ऐकू येईना, दम लागू लागला, झोपल्यावर श्वास कोंडू लागला, तर व्हॉल्व्हवर गुठळी बसली असू शकते. त्याच दिवशी इको. घरातल्या दुसऱ्या माणसालाही तो आवाज ओळखीचा करून ठेवा.

तोंड वाकडं होणं, एक हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं दिसलं तर 108 ला फोन करा आणि पिशवी सोबत घ्या. डॉक्टर आधी विचारतील ते दोन प्रश्न: लक्षणं नेमकी किती वाजता सुरू झाली, आणि शेवटची गोळी कधी घेतली. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आयएनआर 1.7 च्या वर असेल तर सहसा देत नाहीत. वहीचं शेवटचं पान त्यांच्यासमोर उघडून ठेवा.